टपावरची सायकल

सायकललाही तिकीट लागते, हे पहिल्यांदा कळते तेव्हा माणूस जरा विचारात पडतो. तांदळाच्या पोत्याला लगेज लागते ते पटते, पोत्याला पाय नसतात. टोपलीतल्या कोंबडीचे पैसे पडतात तेही समजून घेता येते, कारण तिला कुठे जायचे आहे हे तिला कुणी विचारलेले नसते. पण सायकल स्वतःच वाहन. दुसऱ्याला वाहून नेणे हाच तिचा जन्मभराचा धंदा. तिने एखाद्या सकाळी एसटीच्या टपावर आडवे पडावे, साखळीला विश्रांती द्यावी, वाऱ्याने चाक फिरले तर फिरू द्यावे आणि खाली मालकाने तिच्या नावाचे लगेजचे तिकीट खिशात जपून ठेवावे, यात थोडी मानहानी आहे आणि थोडी चैनही आहे. आयुष्यभर पालखी वाहिलेल्या भोयाला एक दिवस कुणी आग्रहाने पालखीत बसवले, तर तो जसा अवघडून, अंग चोरून बसेल, तशीच टपावरची सायकल मला नेहमी दिसत आली. तिला सवय नसे. हँडल एका बाजूला वळवून ती आभाळाकडे बघायचेही टाळत असे.

हे सारे दिघोरीकडच्या रस्त्यावरचे. दिघोरी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात. नागपुरात कुणाला दिघोरी म्हटले की तो उमरेड रस्त्यावरच्या नाक्याकडे बोट दाखवतो, म्हणून आमच्याकडच्या माणसाला 'दिघोरी मोठी' असे पुरते नाव सांगावे लागते. शहरातल्या दिघोरीत माणसे मावत नाहीत आणि आमच्या मोठ्या दिघोरीत दुपारी रस्त्यावर एक कुत्रे आणि त्याची सावली एवढीच वर्दळ असते. पण मोठेपण असे मोजायचे नसते. मुलूख धानाचा. बांध्याच बांध्या, मधून मधून बोडी, मालगुजारांनी बांधून ठेवलेले तलाव, ज्यांना सरकारी कागदातले 'माजी मालगुजारी' आखडून लोक मामा तलाव म्हणतात. चुलबंद नदी वैनगंगेला मिळायला निघालेली असते त्या टापूत जमीन इतकी सपाट आहे की पाण्यालाही कुठे वाहायचे याचा विचार करावा लागतो. सायकलसाठी देवाने वेगळी जमीन करायची ठरवली असती तर ती याहून निराळी झाली नसती.

तरीही सायकल एसटीवर चढायची. कारण साधे होते. एसटी डांबरी रस्त्याने जाते आणि माणसे डांबरी रस्त्यावर राहत नाहीत. गाडी फाट्यावर सोडून देते. तिथून मुरमाची वाट, मग नहराचा काठ, मग बांधीच्या धुऱ्यावरून जाणारी पायवाट, आणि तिच्या शेवटी घर. आपल्या बाजूच्या फाट्यावर सायकल चहाच्या टपरीमागे कुलूप लावून ठेवता येते. प्रश्न असतो तो पलीकडच्या फाट्याचा. मामाचे गाव, लेकीचे सासर, बाजाराचे गाव, जिथे चार दिवस धानाची कापणी मिळणार ते गाव, सगळी तिकडच्या फाट्यापासून आत. म्हणजे मधला लांब पल्ला एसटीचा आणि दोन्ही टोके सायकलची. मग सायकल इकडे ठेवून कसे चालेल? कंडक्टर हे सगळे जाणून असे, पण विचारायचे ते विचारल्याशिवाय त्यालाही राहवत नसे.

"कोनाची सायकल आहे?"

"माहीच आहे जी."

"मग चालवत काहून नाही नेत?"

"तिकडं गेल्यावर चालवाचीच आहे ना जी."

हा संवाद गेली कित्येक वर्षे एकही शब्द न बदलता होत आला असावा. त्यात प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्याला प्रश्न. तरीही तो व्हावा लागतो. पूजेला संकल्प सोडावा लागतो तसले ते काम. त्यानंतर कंडक्टर सायकलकडे एकदा डोळे बारीक करून बघे आणि मनातल्या तराजूत तिला टाकून लगेज सांगे. तो आकडा कधी कमी वाटे, कधी जास्त. घासाघीस मात्र फारशी होत नसे. मागे कॅरिअरला डबा बांधलेला दिसला की आकडा चढे आणि सायकलवाला म्हातारा असला की उतरे. वजन आणि वय यांचा हा मेळ कोणत्या परिपत्रकात होता कुणास ठाऊक, पण त्याबद्दल कधी कुणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

त्या काळच्या एसटीला मागे लोखंडी शिडी असे आणि टपावर चहूबाजूंनी कठडा. सायकल वर चढवायला चार माणसे लागत. एक वर उभा राहून हात खाली सोडी. दुसरा खालून सायकल डोक्यावर घेऊन शिडीच्या दोन पायऱ्या चढे. तिसरा मालक, त्याने कशालाही हात लावायचा नसे, फक्त "पायडल, पायडल" असे कळवळून म्हणायचे. चौथा कुणीही. त्याचा त्या सायकलशी, गाडीशी आणि त्या दिवसाच्या प्रवासाशी काही संबंध नसे. तो पानठेल्यावरून उठून येई, कंबरेवर हात ठेवून उभा राही आणि हँडल आधी की मागचे चाक आधी यावर निर्णय देई. गाडी निघून गेल्यावर तो परत पानठेल्यावर जाऊन बसे. त्याच्यावाचून सायकल वर चढलीच नसती, असे त्याच्या चालण्यावरून वाटे. असा एक तरी माणूस प्रत्येक फाट्यावर असतो, आणि राज्य चालते ते बहुधा त्याच्याच भरवशावर.

वर चढलेली सायकल सुंबाच्या दोरीने कठड्याला बांधली जाई. तिच्या शेजाराला कधी तांदळाचे कट्टे असत, कधी बांबूच्या टोपल्या, कधी कुणाची पलंगपेटी. खाली मालक मागच्या बाकावर खिडकीशी बसे. गाडीने खड्डा घेतला की तो मान वर करून छताकडे बघे. त्याचे पाहून शेजारचाही बघे. छताच्या पत्र्यावर खिळ्यांच्या ओळींखेरीज काही नसे, तरी थोडा वेळ दोघेही टक लावून बघत राहत. श्रद्धा श्रद्धा म्हणतात ती हीच असावी. आपले जे काही आहे ते वर आहे, दिसत नाही, पण आहे. आणि सगळे सुरळीत असावे अशी मनोमन प्रार्थना करण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही.

घंटीची गोष्ट तर निराळीच. एसटीत एक ठोका म्हणजे थांबा आणि दोन ठोके म्हणजे चला. एवढ्या दोन ठोक्यांवर सारा महाराष्ट्र फिरतो. पण टपावरच्या सायकलला ही शिस्त कोण शिकवणार? खडबडीत रस्ता लागला की ती वरून आपल्या मर्जीने वाजे. एकदा वाजली की ड्रायव्हर ब्रेक दाबी. कंडक्टर म्हणे, मी दिली नाही. प्रवासी म्हणत, वरची आहे जी, वरची, चालू द्या. गाडी निघाली की पुढच्या खड्ड्यात ती दोनदा वाजून आपली संमती कळवी. म्हणून जाणते लोक सायकल वर देण्याआधी घंटीच्या वाटीत चिंधी कोंबत. ती चिंधी पुढे कित्येक दिवस तशीच राहून जाई आणि बाजाराच्या गर्दीत घंटी दाबली की आतून ठसका लागल्यासारखा आवाज येई. त्यावरून ओळखावे, ही सायकल नुकतीच परगावी जाऊन आलेली आहे.

चैतात मोहाची झाडे रस्त्यावर ओणवलेली असत. टप फांद्यांना घासत जाई आणि पहाटेच्या गाडीवर रसरशीत मोहफुले टपटप पडत. सायकल खाली उतरवली की आऱ्यांमध्ये दोन-चार फुले अडकलेली निघत. मालक ती काढून टाकत नसे. फाट्यापासून आतल्या गावापर्यंत चाक फिरे तसा तो गोडसर, किंचित आंबूस वास त्याच्याबरोबर फिरे. वरून प्रवास करणाऱ्याला मिळणारे हे सुख खालच्या बाकावर तिकीट काढून बसलेल्याला कधी मिळाले नाही.

कितीतरी सायकली अशा जाताना पाहिल्या. लग्नसराईत आंदणाची सायकल जाई. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा. पण सायकल, घड्याळ आणि रेडिओ ही तीन दैवते त्याच्यानंतरही बरीच वर्षे मांडवात पुजली जात होती. नवी कोरी काळी सायकल, नळीवर गुंडाळलेला खाकी कागद अजून तसाच, सीटवर हळदीची बोटे. ती टपावर आणि खाली खिडकीशी नवी नवरी. नवरदेव शेजारी बसलेला असे, पण त्याची नजर घडीघडी छताकडे जाई. नवरीच्या ते लक्षात येई आणि तीही वर बघे. तिच्या बघण्यात फरक होता. त्या सायकलपायी बापाने किती कट्टे धान विकले हे तिला पाठ असे. त्या गाडीत तिच्या माहेरची ओळखीची वस्तू ती एवढी एकच, आणि तीही हाताला लागणार नाही अशा जागी बांधलेली. पुढे कित्येक वर्षांनी हीच सायकल तिच्या लेकराला कैची शिकवी. नळीखालून पाय घालून, एक हात सीटवर दाबून, अर्धे पायडल मारत लेकरू अंगणातून सुटे आणि ती ओट्यावरून ओरडे, "पडशीन रे बाप्पा!" तेव्हा त्या सायकलवर तिच्याइतका हक्क कुणाचाच नसे.

शिकायला नागपूरला जाणारा पोरगाही सायकल घेऊन जाई. पत्र्याची पेटी, शिध्याची पिशवी, गादीची वळकटी आणि सायकल. गणेशपेठच्या बसस्टँडवर ती खाली उतरे तेव्हा अंगावर सगळ्या रस्त्याची धूळ असे आणि मोठ्या शहराच्या उजेडात ती अचानक उंच, जुनाट आणि खेडवळ दिसे. पोराला क्षणभर तिची लाज वाटे. पण सीताबर्डीच्या गर्दीत त्याला ओळखणारे तेवढे एकच जण होते. संध्याकाळी खोलीवर जाताना तो तिच्याशी जरा बोलतही असे, आपल्याकडच्याच बोलीत, आजूबाजूला कुणी नाही हे बघून.

आणि नाटकवाले. आमचा मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते आणि वडशाहून नाटके निघतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाट झाल्याशिवाय खलनायक मरत नाही. लोक सायकलींनी येत, कॅरिअरवर एक आणि नळीवर एक घेऊन. जाताना मात्र डोळे मिटत असत, पाय चालत नसत, मग काही जण पहिल्या गाडीला हात दाखवत. पहाटेच्या धुक्यात त्या गाडीच्या टपावर एकावर एक पडलेल्या सायकली म्हणजे हरलेल्या फौजेने ठेवून दिलेली हत्यारे. आत सगळी फौज झोपलेली. कंडक्टर लगेज मागायला कुणाला उठवत नसे. तोही रात्री कुठेतरी पटांगणात उभा राहून दुसरा अंक पाहून आलेला असे. एखादा झोपेतच नायिकेचे संवाद म्हणे आणि त्याचा फाटा मागे निघून जाई. सायकल बरोबर असल्याने त्याचे काही बिघडत नसे. पुढच्या फाट्यावर उतरून तो तेवढेच मागे येई.

एसटीचा जन्म 1 जून 1948चा. पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली ती त्या दिवशी. ज्यांच्या जन्माची नोंद कुठेच नसते अशा आमच्या पिढ्यांना शाळेत घालताना गुरुजी डोळे मिटून 1 जून लिहीत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या अर्ध्या खेड्यापाड्यांचा आणि एसटीचा वाढदिवस एकच पडतो, आणि मला तो योगायोग वाटत नाही. विदर्भातली सरकारी मोटारसेवा राज्याच्या महामंडळात आली 1961मध्ये, म्हणजे आमच्याकडे तिला दत्तकच घेतले म्हणायचे. सायकलचा जागतिक दिवस 3 जूनला येतो. तो ठरवला संयुक्त राष्ट्रांनी, 2018 साली. ज्या वस्तूला जन्मतारीख विचारायचे कुणाच्या मनात आले नव्हते, तिला शेवटी न्यूयॉर्कच्या गुरुजींनी तारीख लिहून दिली. दोघींच्या वाढदिवसांमध्ये दोन दिवसांचे अंतर आहे. 2020च्या 3 जूनला अ‍ॅटलास या सायकल कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला, ही गोष्टही त्याच तारखेच्या खात्यावर जमा आहे.

दरम्यान एसटीची शिडी गेली. नव्या बांध्याच्या गाड्या आल्या, टपावरचे कठडे निघाले, सामानाला पोटात कप्पे आले. कप्प्यात सुटकेस छान बसते. सायकल बसत नाही. तिचे हँडल नेहमीच एक वीत बाहेर राहते. तिकडे जगाला मात्र नेमका याच वेळी शोध लागला की माणसाने घरापासून थांब्यापर्यंत सायकलने यावे, सायकलसकट बसने जावे आणि उतरून पुन्हा सायकलने निघावे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने 1990च्या दशकात बसच्या पुढच्या बाजूला लोखंडी चौकट लावली. ड्रायव्हर जागेवरून उठत नाही. सायकलवाला स्वतः चौकट खाली ओढतो, चाक खाचेत ठेवतो, आकडा अडकवतो आणि आत जाऊन बसतो. बंगळुरूनेही 2021मध्ये काही गाड्यांना तशा चौकटी लावल्या. नागपूरच्या मेट्रोत सायकल डब्यात नेता येते. चौकटीत सायकल लावलेल्या बसचे चित्र मी पाहिले, तेव्हा बसने वाचायला चष्मा लावल्यासारखे वाटले. सगळे नीटनेटके, सोपे. उणीव वाटली ती एकच. चौथ्या माणसाला तिथे काही कामच ठेवलेले नाही.

आमच्या इकडे सध्या सायकल आणि एसटी यांची गाठ पडते ती निराळ्या तऱ्हेने. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले 125 तालुके आहेत. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना त्यातून सायकल मिळते. तिच्यासाठी अनुदान आता 5000 रुपये आहे. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या रंगाची एसटी येते, तिकीट नाही. योजना चांगली आहे, पोरी शाळेत टिकल्या. पण ज्या दोन गोष्टी आम्ही एकमेकींवर बांधून नेत होतो, त्यांच्यामधून सरकारने 5 किलोमीटरची एक रेघ ओढून दिली. रेघेच्या अलीकडच्या पोरीने एसटीकडे बघायचे नाही आणि पलीकडच्या पोरीने सायकलकडे. सकाळी शाळेच्या वेळी रस्त्यावर उभे राहावे. निळी गाडी सायकलवाल्या पोरींना मागे टाकून जाते, खिडकीतून चार हात हलतात, खालून दोन हात हलतात आणि एक सायकल थोडी डगमगते. मैत्रिणी एकाच वर्गात बसणार असतात, तरी निरोप घेतात. आणि गाडीतली पोरगी संध्याकाळी फाट्यावर उतरली की तिथून घरापर्यंतची वाट तिची तिलाच चालावी लागते. ती वाट कुणाच्या रेघेत बसत नाही. पावसाळ्यात ती वाट लांब होते आणि नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो.

एसटीत 2022च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही आणि 2023च्या मार्चपासून बायांना अर्धेच तिकीट आहे. दोन्ही सवलती मनापासून आवडल्या. आता सायकलचाही विचार व्हावा. आमच्याकडच्या काही सायकली पाहता त्या पहिल्या सवलतीत वयाच्या दाखल्याशिवायही सहज बसतील. पण फुकट नको. लगेज घ्या, पूर्वीसारखे डोळे बारीक करून घ्या. टपही नको, शिडीवरून कुणी घसरले म्हणजे पुन्हा चौकश्या आल्या. महामंडळाच्या नव्या गाड्या येतच असतात. त्यांतल्या एखाद्या गाडीला पुढे दोन सायकलींची चौकट लावावी आणि साकोली आगारातून लाखांदूरकडे जाणाऱ्या एखाद्या फेरीवर ती चालवून पाहावी. निळ्या गाडीला लावली तर फारच बरे, म्हणजे फाट्यावर उतरलेल्या पोरीला अंधाराच्या आत घर गाठता येईल. आमच्याकडे घाट नाहीत, वळणे थोडी आहेत, जमीन सपाट आहे आणि सायकल कशी चढवायची हे सांगायला प्रत्येक फाट्यावर एक माणूस तयार बसलेला आहे. या प्रयोगाला इतका सोपा मुलूख महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही.